गुणपत्रिका मिळाली; विद्येचे काय?

करोनाच्या साथीमुळे मार्च २०२० मध्ये विद्यापीठांची दारे बंद झाली आणि अध्यापनाचा सारा व्यवहार भ्रमणध्वनीच्या इवल्याशा पडद्यावर येऊन बसला. त्या वेळी दुसरा मार्ग नव्हता. अपुऱ्या साधनांनिशी ज्या प्राध्यापकांनी अध्यापनाचा धागा तुटू दिला नाही, त्यांचे ऋण समाजाने मानलेच पाहिजे. परंतु आपद्धर्म तो आपद्धर्मच. त्याची फलनिष्पत्ती निर्भीडपणे तपासणे हे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

ही व्यवस्था सर्वांस सारखी लाभणे शक्यच नव्हते. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार देशातील सुमारे २४ टक्के कुटुंबांकडेच इंटरनेटची सोय होती. ग्रामीण भागात हे प्रमाण अवघे १५ टक्के होते. ज्याच्या घरी स्वतंत्र खोली व संगणक, तो वर्गात बसला. ज्याला संदेशलहरींसाठी टेकडी चढावी लागली, तो नावापुरताच हजर राहिला. रसायनशास्त्राचा विद्यार्थी प्रयोगशाळेवाचून पुढच्या वर्षात गेला.

मग परीक्षेचा वाद माजला. राज्य सरकार अंतिम वर्षाची परीक्षा नको म्हणत होते, विद्यापीठ अनुदान आयोग ती हवीच म्हणत होता. २८ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने परीक्षेवाचून पदवी नाही, असा निर्वाळा दिला. ऑक्टोबरमध्ये मुंबई व पुणे विद्यापीठांच्या परीक्षा झाल्या; त्या बहुपर्यायी प्रश्नांच्या. तीन वर्षांचा अभ्यास चार पर्यायांतील एकावर बोट ठेवण्यात सामावला!

येथेच या प्रकरणातील विसंगती उघड होते. ऑनलाइन शिकवणे समजत नाही, अशी तक्रार करणारे विद्यार्थीच २०२२ मध्ये परीक्षा मात्र ऑनलाइन हवी, असा आग्रह धरू लागले. शिक्षणाविषयी असमाधान आणि परीक्षेविषयी समाधान! याबद्दल विद्यार्थ्यांवर कोरडे ओढणे सोपे आहे, पण ते न्यायाचे नाही. दोन वर्षे ज्यांच्या हातून लेखणी सुटली, त्यांना तीन तास लिहिण्याचे भय वाटले, यात नवल ते काय? ते भय आळसाचे नव्हते. आपल्याला पुरेसे शिकवले गेले नाही, याची ती मूक कबुली होती.

मे २०२१ मध्ये आयोगाने प्रत्येक अभ्यासक्रमाचा ४० टक्क्यांपर्यंत भाग ऑनलाइन शिकवण्याची कल्पना मांडली. पूरक साधन म्हणून तिला आमचा विरोध नाही. मात्र रिक्त प्राध्यापकपदे न भरण्याची ती सबब होता कामा नये. विद्यापीठांनी प्रथम शिक्षक नेमावेत, प्रयोगशाळा भरवाव्यात, विद्यार्थ्यांस लिहिते करावे. पडद्याचा विचार त्यानंतर. पदवी कागदावर छापता येते. विद्या मात्र गुरू आणि शिष्य समोरासमोर झिजल्यावाचून येत नाही.