तिची आई, माझी आई

२३ जून २०१६. गुरुवार होता आणि धो धो पाऊस पडत होता. आपल्याकडच्या पावसाची सर त्याला नाही, पण लंडनच्या आसपास रस्ते तुंबले, गाड्या रखडल्या. संध्याकाळी कामावरून परतताना मी ओल्या छत्रीनिशी आमच्या भागातल्या मतदान केंद्रावर गेले. ब्रिटनने युरोपीय महासंघात राहायचं की बाहेर पडायचं, एवढाच प्रश्न. मतपत्रिकेवर दोन चौकोन. इथे बोटाला शाई लावत नाहीत, शिक्का नाही. दोरीला बांधलेल्या पेन्सिलीने फुली मारायची. मी फुली मारली आणि घरी आले. ती कुठे मारली हे इतकी वर्षं फक्त माझ्या नवऱ्याला ठाऊक होतं. आज तुम्हाला सांगते. मी 'बाहेर पडा' या चौकोनात मारली.

तुम्ही म्हणाल, स्वतः बाहेरून आलेली बाई, पासपोर्ट अजून भारताचा, हिला तिथे मत कसलं? तर त्याचं असं आहे. भारत राष्ट्रकुलातला देश असल्यामुळे इथे कायदेशीर राहणाऱ्या भारतीय नागरिकाला मतदान करता येतं. गंमत अशी, की युरोपातून इथे येऊन वर्षानुवर्षं राहणाऱ्यांना मात्र (आयर्लंड, माल्टा आणि सायप्रसचे नागरिक सोडून) या सार्वमतात मत नव्हतं. म्हणजे आमच्या स्लाऊमध्ये, एका भिंतीच्या अलीकडे राहणाऱ्या मला मत होतं आणि पलीकडे राहणाऱ्या माझ्या पोलिश शेजारणीला नव्हतं. पोलंड २००४ साली महासंघात आला, त्याच वर्षी ती इथे आली. बारा वर्षं कर भरत होती. तिच्या भवितव्याचा निर्णय मी घेणार होते, आणि तिने फक्त बघायचं होतं.

आणि मी तो निर्णय तिच्यावरच्या रागापोटी घेतला. राग कसला, मत्सरच म्हणा.

माझे वडील २०१३ साली गेले. आई रत्नागिरीजवळच्या गावात एकटी पडली. दादा मुंबईत. मी म्हटलं, आई, चार महिने माझ्याकडे येऊन राहा, जरा मन रमेल. रीतसर अर्ज केला, बँकेची कागदपत्रं जोडली. नकार आला. वर्षभराने पुन्हा केला. पुन्हा नकार. पत्रातल्या इंग्रजीचा अर्थ थोडक्यात इतकाच होता, की नवरा नाही, नोकरी नाही, मुलगी परदेशात, तेव्हा या बाई परत जातील अशी खात्री पटत नाही. मी फोनवर हे आईला वाचून दाखवलं तेव्हा ती हसलीच. म्हणाली, "अगं, मी तिथे राहिले तर कलमं कोण बघणार? त्यांना म्हणावं, आंब्याच्या दिवसात मला कुणी ठेवून घेतलं तरी मी राहायची नाही!"

पाहुणी म्हणून नाही, तर कायमची आणावी म्हटलं, तर तेही दार बंद झालेलं. जुलै २०१२ मध्ये, थेरेसा मे गृहमंत्री असताना, नियम बदलला होता. आईवडिलांना रोजच्या साध्या गोष्टींसाठी, म्हणजे अंघोळीसाठी, जेवणासाठी दुसऱ्याचा आधार लागतो असं सिद्ध करायचं. आणि तशी शुश्रूषा त्यांच्या देशात पैसे मोजूनही मिळत नाही, हेही सिद्ध करायचं. म्हणजे बघा, मुलगी पैसे पाठवू शकत असेल तर तिकडेच बाई ठेवा. पाठवू शकत नसेल तर इथे आणून सांभाळणार कशी? दोन्हीकडून उत्तर नाहीच.

आणि भिंतीपलीकडे काय चाललं होतं? शेजारणीची आई येत होती. मनात येईल तेव्हा. व्हिसा नाही, मुलाखत नाही, बँकेचे कागद नाहीत. नुसतं ओळखपत्र दाखवून ल्यूटनच्या विमानतळावर उतरायची, बॅगेत खारवलेल्या काकड्यांच्या बरण्या. नातू झाला तेव्हा तर वर्षभर राहिली. फार प्रेमळ बाई. तिला इंग्रजी येत नव्हतं, मला पोलिश. कुंपणावरून ती मला गरम गरम पिएरोगी द्यायची, उकडलेली करंजीच म्हणा ना, आत बटाटा आणि चीज. मी हसून घ्यायची, मुलांना वाढायची आणि रात्री अंथरुणावर पडले की मनात यायचं, हिची आई येते, माझी का नाही?

त्या वर्षीच्या प्रचारात नेमकं याच जागेवर बोट ठेवलं गेलं. युरोपातल्या कुणालाही दार मोकळं आणि राष्ट्रकुलातल्यांना मात्र अडवणूक, हा अन्याय आहे. युरोपाचं दार लोटलं की तुमच्यासाठी जागा होईल. प्रीती पटेल यांनी तर 'करी वाचवा' अशी मोहीमच काढली होती. उपाहारगृहांना भारतीय उपखंडातून स्वयंपाकी आणता येत नाहीत, महासंघाबाहेर पडलो की येतील, असा त्यातला मुद्दा. मला स्वयंपाकी आणायचा नव्हता, आई आणायची होती. पण ऐकणारा आपल्याला हवं तेच ऐकतो.

बाहेर पडण्याच्या बाजूने मत देणारे सगळेच द्वेषाने पेटलेले होते, असं मी म्हणणार नाही. देशाचे कायदे देशातच व्हावेत, असं मनापासून वाटणारे होते. दवाखान्यातल्या आणि शाळाप्रवेशाच्या रांगांनी वैतागलेले होते. आमच्या स्लाऊमध्ये निम्म्याहून अधिक वस्ती आपल्यासारख्यांची आणि पूर्व युरोपातून आलेल्यांची, तरी ५४ टक्के मतं 'बाहेर पडा'ला पडली. माझ्यासारख्या आणखी कितीजणी असतील, देव जाणे.

निकाल लागला. ५१.९ विरुद्ध ४८.१ टक्के. सकाळी डेव्हिड कॅमेरून राजीनामा जाहीर करताना दिसले, पाउंड एकतीस वर्षांत नव्हता इतका घसरला. दोनच दिवसांनी हॅमरस्मिथच्या पोलिश सांस्कृतिक केंद्राच्या दारावर कुणीतरी शिव्या रंगवून गेलं. हंटिंग्डनला घरांच्या दारात पोलिश लोकांना किडे म्हणणारी कार्डं सापडली. त्या आठवड्यात शेजारीण मुलाला घेऊन बसस्टॉपवर उभी होती आणि त्याच्याशी कुजबुजत बोलत होती. नेहमी मोठमोठ्याने पोलिशमध्ये रागावायची ती. मी विचारलं, "घसा बसलाय का?" ती म्हणाली, "नाही. बसमध्ये आपली भाषा बोलायला नको वाटतं." मी काय बोलणार? घरी येऊन भाजी चिरत बसले.

पुढची साडेतीन वर्षं म्हणजे नुसतं टांगून ठेवणं. बाहेर पडायची तारीख २९ मार्च २०१९ ठरली, मग एप्रिल, मग ऑक्टोबर, शेवटी ३१ जानेवारी २०२०. मे यांचा करार जानेवारी २०१९ मध्ये संसदेने २३० मतांच्या फरकाने फेटाळला. २०१६ ते २०२४ या आठ वर्षांत या देशाने सहा पंतप्रधान बघितले; त्यातल्या लिझ ट्रस तर जेमतेम सात आठवडे टिकल्या. मोठ्यांचं राजकारण आपण टीव्हीवर बघतो आणि चॅनेल बदलतो. पण त्या अनिश्चिततेत ज्यांचं घर, शाळा, नोकरी अडकलेली असते, त्यांनी कुठलं चॅनेल लावायचं?

युरोपातून आलेल्यांना आता इथे राहण्यासाठी नव्याने अर्ज करावा लागणार होता. मोबाइलवर ॲप, त्यात पासपोर्ट आणि चेहरा तपासायचा. सुरुवातीला ते फक्त अँड्रॉइड फोनवर चालायचं. शेजारणीकडे आयफोन. एका रविवारी ती बिचकत आली, "तुझा फोन अर्धा तास देशील का?" मी चहा टाकला. माझ्याच स्वयंपाकघरात, माझ्याच फोनसमोर ती चेहरा धरून बसली. न हसता, फोटोला बसल्यासारखी. पंधरा वर्षं राहिलेल्या देशात राहू द्या म्हणून अर्ज. तो भरायची वेळ तिच्यावर माझ्या फुलीने आणली, आणि फोन दिला म्हणून ती माझे आभार मानत होती! चहात साखर घातली की नाही हेही मला आठवेना.

परवानगी मिळाली तिला. तरीही त्या वर्षाच्या शेवटी ती घर विकून नवरा-मुलासह पोलंडला परत गेली. जाताना म्हणाली, "कागद आहे गं. पण राहू का, असं ज्या घरात विचारावं लागतं, ते घर आपलं वाटत नाही." मी तेव्हाही काही सांगितलं नाही.

आता तुम्ही विचाराल, मग तुझ्या आईचं काय झालं? काही नाही. तो २०१२ चा नियम ब्रिटनने स्वतःच केला होता, युरोपाचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. युरोपातून बाहेर पडल्यावर तो तसाच राहिला. तिचं दार लागलं म्हणून माझं उघडलं नाही. दार दोघींचं लागलं.

नोकरी आणि शिक्षणासाठी मात्र आपली माणसं खूप आली. मी एका वृद्धाश्रमाच्या कचेरीत हिशेब बघते. पूर्वी आमच्याकडे पोलिश, रुमेनियन मुली होत्या. त्या हळूहळू गेल्या. २०२१-२२ मध्ये इंग्लंडमधल्या शुश्रूषेच्या क्षेत्रात १ लाख ६५ हजारांच्या आसपास जागा रिकाम्या होत्या. म्हाताऱ्यांना अंघोळ घालणार कोण? मग फेब्रुवारी २०२२ पासून या कामासाठी परदेशांतून माणसं आणायची मुभा दिली. केरळच्या, नायजेरियाच्या, झिम्बाब्वेच्या बायका आल्या. युक्रेन, हाँगकाँगची माणसं आली, विद्यार्थी आले. देशात येणारे वजा जाणारे, हा आकडा सार्वमताच्या वेळी तीन लाखांवर होता आणि तेवढ्यावरच ओरड होती. २०२३ मध्ये तो नऊ लाखांवर गेला.

पुन्हा ओरड झाली, आणि या वेळी बोट आमच्याकडे. मार्च २०२४ मध्ये नियम आला, की शुश्रूषेच्या कामासाठी येणाऱ्यांना नवरा-मुलं आणता येणार नाहीत. जुलै २०२५ मध्ये परदेशातून नव्या भरतीचं दारच लावून घेतलं. त्याआधी मे महिन्यात पंतप्रधान कीर स्टार्मर भाषणात म्हणाले, की आपण अनोळखी माणसांचं बेट होऊन बसू. पुढे त्यांनी त्या शब्दांबद्दल खेद व्यक्त केला, पण बसमध्ये माझ्या शेजारची सीट रिकामी राहिली की मला तेच शब्द आठवतात. कामावरची एक इंग्रज मैत्रीण समजूत घालते, "तू नाही गं त्यात! तू आमचीच." मीही शेजारणीला कधी वेगळं मानलं नव्हतं. पेन्सिल हातात येईपर्यंत.

आमच्याकडे केरळची एक मुलगी आहे. चार वर्षांची लेक गावी आईपाशी ठेवून आलीय. ती इथे दुसऱ्या कुणाच्या आईला भरवते, तिची आई तिकडे तिच्या लेकीला भरवते. आणि मी, दुसऱ्यांच्या आयांचे हिशेब बघणारी, माझ्या आईसाठी रत्नागिरीला मावशी ठेवल्यात, त्यांचा पगार दर महिन्याला पाठवते. कायद्याच्या पुस्तकात या बायका 'स्थलांतरित', 'अवलंबून' वगैरे असतात. आम्ही सगळ्या मुली आणि आया आहोत, एवढं साधं त्यात कुठे लिहिलेलं नसतं.

परवा दादाचा फोन होता. तो बागेत गेला होता, आणि बोलता बोलता राखणीला असलेल्या नेपाळी कुटुंबावर घसरला. "सगळीकडे हेच झालेत, आपल्या पोरांना कामं कुठून मिळणार?" आणि त्याच दमात, "बरं, भाच्याच्या व्हिसाचं तिकडे काही जमतं का बघ." मला हसू आलं, मग वाईट वाटलं. त्याला काय बोलू? रांगेत उभं राहिलं की पुढच्या माणसाचा राग येतो. रांग कुणी लावली, खिडकी कुणी बंद केली, ते दिसत नाही. मला माझ्या आईचा राग होता, तो मी शेजारणीच्या आईवर काढला. मतपत्रिकेवर माझ्या आईचा प्रश्नच नव्हता. न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मी देऊन आले.

म्हणून आता कुणीही, इथे किंवा आपल्याकडे, 'त्यांचं कमी केलं की तुम्हाला मिळेल' असं सांगू लागलं, की मी एकच विचारते. मला नेमकं काय मिळेल, आणि ते कुठल्या कागदावर लिहिलंय?

शेजारीण आता तिच्या आईजवळ आहे. नाताळात आमचं व्हिडिओवर बोलणं होतं. म्हातारी मागून हात हलवते. माझी आई ब्याऐंशीची झाली. आता ये म्हटलं तरी येणार नाही, म्हणते, "तूच ये आंब्याला." मी जाते, दोन आठवडे राहते, परत येते.

त्या फुलीबद्दल शेजारणीला अजून सांगितलेलं नाही. हे सगळं मी मराठीत लिहिलं, तिला वाचता येणार नाही, म्हणूनच कदाचित लिहिता आलं. येत्या नाताळात मात्र सांगेन म्हणते.