बंदुकीच्या करावर वन्यजीवांचा भार किती काळ?

विशेष प्रतिनिधी

बंदुका आणि काडतुसांच्या विक्रीतून वन्यजीव रक्षणासाठी पैसा उभा राहतो, ही कल्पना शिकारीवर कायद्याने बंदी असलेल्या आपल्या देशात विसंगत वाटेल. अमेरिकेत मात्र ही व्यवस्था आठ दशकांहून अधिक काळ सुरू आहे. आता तिच्या पायाविषयीच प्रश्न उपस्थित होत आहेत.

बेसुमार शिकार आणि अधिवासांचा नाश यांमुळे विसाव्या शतकाच्या प्रारंभी तेथील हरणे, एल्क व रानटर्की यांची संख्या कमालीची घटली होती. सिनेटर की पिटमन आणि प्रतिनिधी विलिस रॉबर्टसन यांच्या विधेयकावर अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी सप्टेंबर १९३७ मध्ये स्वाक्षरी केली. या कायद्यानुसार रायफली, शॉटगन व दारूगोळ्यावर ११ टक्के, तर पिस्तुलांवर १० टक्के कराचे उत्पन्न वन्यजीवांसाठी राखून ठेवले जाते. हा कर उत्पादक व आयातदार भरतात.

कायद्याचे यश त्यातील अटींमध्ये आहे. निधी मिळविण्यासाठी राज्याला प्रकल्पाच्या खर्चाचा साधारण चौथा हिस्सा उचलावा लागतो. शिकार परवान्यांचे शुल्क अन्य कामांकडे वळविल्यास निधीवरचा हक्क जातो. या शिस्तीमुळेच हरणे आणि रानटर्की पुन्हा वाढू शकले.

अडचण आता उत्पन्नाच्या स्रोताची आहे. अधिकृत पाहणीनुसार १९९१ मध्ये १ कोटी ४१ लाख असलेले शिकारी २०१६ मध्ये १ कोटी १५ लाखांवर आले. तरीही २०२२ मध्ये राज्यांना या करातून एक अब्ज डॉलरहून अधिक रक्कम मिळाली. कारण करोनाकाळात स्वसंरक्षणासाठी झालेली शस्त्रांची विक्रमी खरेदी. थोडक्यात, लोकांची भीती वाढली की वन्यजीवांचा निधी वाढतो आणि बाजार थंडावला की आटतो. त्याच वर्षी जॉर्जियाचे प्रतिनिधी अँड्र्यू क्लाइड यांनी हा करच रद्द करण्याचे विधेयक मांडले. ते संमत झाले नाही. पण कराला असलेला पाठिंबा गृहीत धरता येणार नाही, हे त्यातून दिसले.

दुसरीकडे, पक्षीनिरीक्षक आणि गिर्यारोहक जंगलांचा लाभ घेतात. त्यांच्या साधनांवर मात्र असा कर नाही. दुर्बिणी, तंबू व पाठपिशव्यांवर कर लावण्याचा १९९० च्या दशकातील प्रस्ताव उद्योगांच्या विरोधामुळे बारगळला. वन्यजीवांसाठी दरवर्षी सुमारे १.४ अब्ज डॉलर देणारे विधेयक जून २०२२ मध्ये प्रतिनिधिगृहात संमत झाले. परंतु पैसा आणायचा कोठून, या वादात ते सिनेटमध्ये अडकले.

शिकाऱ्यांनी आपला वाटा उचलला, हे मान्य करावेच लागेल. परंतु शिकार न होणारे बेडूक, कासवे व गाणारे पक्षी यांना या निधीतून तुलनेने कमीच मिळते. त्यांचा खर्च कोण उचलणार, हे ठरविण्याचे काम बंदुकीच्या बाजारावर सोपवून चालणार नाही.