रणगाड्यांचा खेळ आणि पाठभेदाचा प्रश्न

मध्यंतरी एम. ए.च्या वर्गात 'अभिजात' या संज्ञेची चर्चा चालू होती. काळाच्या कसोटीला उतरणे, पुनःपुन्हा वाचले जाणे, रूपबंधाची अपरिहार्यता हे नेहमीचे निकष फळ्यावर लिहून झाले होते. मागच्या बाकावरच्या एका विद्यार्थिनीने विचारले, "मॅडम, हे निकष लावले तर एखादा व्हिडिओ गेम अभिजात ठरेल का?" वर्ग हसला. मीही हसले आणि "आधी ती साहित्यकृती तरी असायला हवी ना!" असे काहीतरी बोलून पुढच्या मुद्द्याकडे वळले.

ते उत्तर अप्रामाणिक होते. १९९०च्या दशकात टीव्हीला जोडून खेळायचे एक राखाडी यंत्र आणि सहा-सात कॅसेटी आजही माझ्या कपाटात आहेत. त्या खेळांविषयी माझी ठाम मते आहेत आणि मी ती घरात तावातावाने मांडत असते. वर्गात मात्र ती मांडण्याची मला लाज वाटली. म्हणून हे उशिराचे उत्तर.

प्रारंभी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. जुन्या खेळांविषयी जे लिहिले जाते त्यातील बरेचसे निव्वळ स्मरणरंजन असते. 'जुने ते सोने' ही समीक्षा नव्हे. त्या काळातही भाराभर सुमार खेळ निघाले. 'ई. टी.' या चित्रपटावरचा अटारी कंपनीचा १९८२चा खेळ जेमतेम पाच आठवड्यांत उरकला गेला. न खपलेल्या प्रती पुढच्या वर्षी अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात अलामोगोर्डो येथे कचऱ्याबरोबर पुरल्या गेल्या आणि २०१४ मध्ये उकरून काढल्या गेल्या. मर्यादांमुळेच त्या खेळांत सौंदर्य आले, असे सांगणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे. वृत्ताचे बंधन पाळणारा प्रत्येक श्लोक कविता होत नाही.

तरीही मर्यादेचा विचार टाळता येत नाही. निन्टेन्डो कंपनीचे 'फॅमिकॉम' हे यंत्र जपानमध्ये जुलै १९८३ मध्ये आले. त्याची कामचलाऊ स्मृती अवघी दोन किलोबाइट. शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांचा 'सुपर मारिओ ब्रदर्स' सप्टेंबर १९८५चा. चित्रे, संगीत, नियम आणि बत्तीस टप्पे मिळून चाळीस किलोबाइटांचा. देवनागरीचे एकेक चिन्ह युनिकोडच्या प्रचलित पद्धतीत तीन बाइट घेते. म्हणजे जेवढ्या जागेत मराठीची साडेतेरा हजार चिन्हे मावतील, तेवढ्यात ते सारे जग बसवलेले आहे. त्यातले ढग आणि झुडपे ही एकच आकृती असून केवळ रंग बदललेला आहे. लहानपणी हे कधी लक्षात आले नाही. कळले तेव्हा फसवले गेल्यासारखे न वाटता पुनरुक्तीतून अर्थ बदलणारे धृपद आठवले.

या खेळाचा पहिला पडदा मी प्रारंभाचा उत्कृष्ट नमुना मानते. नायक डाव्या कडेला उभा, उजवीकडे मोकळी जागा. कोठेही सूचना लिहिलेली नाही, पण रिकामी जागा ज्या बाजूला आहे तिकडे माणूस चालू लागतो. समोरून एक बुटका शत्रू येतो. त्याला धडकलात तर डाव तिथेच संपतो, पण फारसे काही गमावलेले नसते; म्हणून पुढच्या वेळी आपण उडी मारतो. वर प्रश्नचिन्हाची वीट आहे. तिला डोके आपटले की अळंबी बाहेर पडते, उजवीकडे घरंगळते, नळकांड्याला आपटून परत आपल्याकडेच येते. डोक्यावर विटा असल्याने तिला चुकवणे कठीण. ती अंगाला लागते, नायक मोठा होतो, आणि सगळ्याच वस्तू वैरी नसतात हे एकाही शब्दावाचून समजते. पडदा मागे सरकत नाही, म्हणून मागे टाकलेला भाग कायमचा गेलेला असतो. कादंबरीच्या पहिल्या प्रकरणात पुढच्या जगाचे नियम कसे पेरावेत हे शिकवताना हा पडदा दाखवावा, असे मला अनेकदा वाटले आहे.

इथवरचे कौतुक जगन्मान्य आहे. 'मारिओ'ला थोर म्हणायला धाडस लागत नाही. त्याची धून २०२३ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने राष्ट्रीय ध्वनिमुद्रण-संग्रहात समाविष्ट केली आहे. माझे खरे मत वेगळ्या खेळाविषयी आहे.

त्याचे नाव 'बॅटल सिटी'. आमच्या गल्लीत हे नाव कोणी घेत नसे. तो 'टँकवाला गेम' होता. नामको कंपनीने तो फॅमिकॉमसाठी 'मारिओ'च्याच महिन्यात, सप्टेंबर १९८५ मध्ये आणला. अमेरिकेत निन्टेन्डोच्या यंत्रासाठी तो त्या काळात विक्रीला आलाच नाही. परिणामी इंग्रजीत 'सर्वश्रेष्ठ शंभर' छापाच्या ज्या याद्या निघतात, त्यांत तो सहसा सापडत नाही. येथे मात्र नव्वदच्या दशकात ज्याच्या घरी असे यंत्र होते त्याला विचारा. टँक न खेळलेला विरळाच.

खेळ असा : संपूर्ण रणभूमी एकाच पडद्यावर मावते. तळाशी मधोमध गरुडाचे चिन्ह असलेले आपले ठाणे, त्याभोवती विटांची भिंत. वरच्या तीन जागांवरून प्रत्येक टप्प्यात वीस शत्रू-रणगाडे उतरतात. पाण्यावरून गोळी जाते, रणगाडा जात नाही. झाडीत रणगाडा दिसेनासा होतो. आणि ठाण्याला एक गोळी लागली की हाताशी कितीही लाइफ शिल्लक असोत, खेळ समाप्त.

'मारिओ' ही यात्रा आहे, 'बॅटल सिटी' ही राखण आहे. पहिल्यात पुढे जाणे हाच धर्म. दुसऱ्यात फार पुढे गेलेला हरतो. शत्रू टिपण्याच्या नादात वरच्या टोकाला पोचावे आणि तेवढ्यात एखादा चुकार रणगाडा कडेने खाली उतरून भिंत फोडू लागावा, हा प्रसंग खेळणाऱ्या प्रत्येकाने भोगलेला आहे. त्याहून विलक्षण नियम म्हणजे आपली स्वतःची गोळीही आपली भिंत फोडते, आणि गरुडाला लागली तर ठाणे तितक्याच निष्ठुरपणे पडते. घाबरून केलेले संरक्षण हेच विनाशाचे कारण ठरते. हे नाट्य कोणत्याही संवादाने सांगितलेले नाही. ते नियमातच आहे. या खेळाचे मूल्य माझ्या मते येथे आहे.

शिवाय दोघांनी एकाच वेळी खेळायची सोय. आपली गोळी भिडूला लागली तर तो मरत नाही, काही क्षण जागच्या जागी खिळून राहतो. मी आणि माझा धाकटा भाऊ यांच्यातल्या निम्म्या भांडणांचे मूळ या एका नियमात असावे. तो रागावून मुद्दाम गोळी मारी, मी खिळे, आणि तेवढ्यात ठाणे जाई. सहकार्य आणि सूड यांच्यातले अंतर किती थोडे असते, हे दोघांनाही एकाच क्षणी कळे.

उणिवाही सांगायला हव्यात. पस्तीस टप्प्यांनंतर खेळ पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. त्याला शेवट नाही, म्हणून त्याला कथानकही नाही. स्वतःची रणभूमी रचण्याची सुविधा होती, पण रचना साठवता येत नसे. वीज गेली की तासाभराची कारागिरी पुसली जाई.

आता प्रश्न असा, की आपल्याकडे हाच खेळ का रुजला? उत्तर रसिकतेत नाही, बाजारात आहे. आपल्याकडची बहुतेक यंत्रे फॅमिकॉमच्या नकला होत्या. 'नऊ हजार नऊशे नव्याण्णव खेळ' असे वेष्टनावर छापलेल्या कॅसेटीत प्रत्यक्षात थोडेच खेळ असत. तेच पुनःपुन्हा, कधी वेगळ्या टप्प्यापासून सुरू होणारे. एका कॅसेटीत अनेक खेळ कोंबायचे तर लहान आकाराचे, साध्या रचनेचे खेळच सोयीचे. त्यामुळे 'बॅटल सिटी', 'रोड फायटर', 'सर्कस चार्ली' आपल्यापर्यंत पोचले. १९८६चा 'द लेजंड ऑफ झेल्डा', ज्याच्या अमेरिकी कॅसेटीत खेळाची प्रगती जपण्यासाठी बॅटरी होती, तो आमच्या बाजारात मला कधी दिसला नाही. मियामोतोने बालपणीच्या रानोमाळ भटकंतीतून रचलेली ती कृती मी पस्तिशीत, संगणकावर पाहिली आणि थोर आहे हे मान्य केले. पण ती माझ्या भाषेत आली नाही.

अभिजातांची यादी कोण ठरवतो, हा प्रश्न आपण साहित्याच्या वर्गात नेहमी विचारतो. प्रकाशक, अभ्यासमंडळे, अनुवादक यांची नावे घेतो. येथे ती यादी नकलाकारांनी ठरवली. त्याचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. ज्यांनी खेळ रचले त्यांना आपल्या पैशातला छदामही मिळाला नाही. पण त्या चोरीवाचून आपला या माध्यमाशी परिचय झाला नसता, हेही तितकेच खरे.

आणि येथेच पाठभेदाचा मुद्दा येतो. नकली कॅसेटीतल्या खेळांच्या पहिल्या पडद्यावरून कंपनीचे नाव व साल अनेकदा खोडलेले असे. खेळाचे नाव बदललेले, कधी नायकाचे चित्रही. आम्हाला कृती मिळाल्या त्या निर्नायकी, म्हणजे कर्त्याच्या नावाशिवाय, एखाद्या जात्यावरच्या ओवीसारख्या. मूळ संहिता जपानमध्ये सुरक्षित आहे; आपण जो पाठ खेळलो तो मात्र वेगळा होता. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, कारण हस्तांतरात पाठ बिघडले होते. तुलना योग्यतेची नाही, पद्धतीची आहे. आपल्या शास्त्राला अशुद्ध प्रतींचेही मोल कळते. त्या प्रती कोणाच्या हातून, कोणत्या प्रदेशातून गेल्या हे त्या सांगतात.

मूळ संहितांचीच अवस्था काळजीची आहे. व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनच्या २०२३च्या अभ्यासानुसार अमेरिकेत २०१०पूर्वी प्रसिद्ध झालेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात उपलब्ध नाहीत. ग्रंथालयांनी असे खेळ संशोधकांना दूरस्थ रीतीने पाहू द्यावेत, ही सवलत तेथील कॉपीराइट कार्यालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये नाकारली. खेळ नुसता साठवूनही भागत नाही. 'डक हंट'मधली बंदूक पाहा. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो, बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो, आणि बंदुकीच्या नळीतला प्रकाशसंवेदक तो टिपतो. हे सारे पिक्चर ट्यूबच्या टीव्हीच्या वेगावर बेतलेले आहे. आजच्या सपाट पडद्यावर चित्र किंचित उशिरा उमटते आणि ती बंदूक आंधळी होते. संहिता शाबूत, वाचन अशक्य!

जेथे मूळ प्रतींची ही कथा, तेथे सांगली-नांदेडच्या बाजारात विकल्या गेलेल्या नकली कॅसेटी कोण जपणार? कंपन्यांच्या लेखी त्या गुन्ह्याचा पुरावा आहेत, घरच्यांच्या लेखी अडगळ. माझ्या सहा-सातांपैकी दोन आता सुरूच होत नाहीत. लहानपणी मी त्यांत फुंकर मारून त्या 'दुरुस्त' करीत असे. त्या फुंकरीचा काही उपयोग नव्हता, कॅसेट काढून पुन्हा बसवल्याने संपर्क जुळत असे. तोंडातल्या ओलाव्याने धातूची टोके उलट गंजतात. जपतो आहोत अशा समजुतीने मी त्या बिघडवत होते. गरुडाची भिंत स्वतःच्याच गोळीने फोडण्यासारखे ते झाले.

म्हणून त्या विद्यार्थिनीला माझे सुधारलेले उत्तर असे. होय, व्हिडिओ गेम अभिजात असू शकतो. त्याचे मूल्यमापन कथानकावरून करू नये. नियम अर्थ कसा निर्माण करतात यावरून करावे. आणि अभिजाततेचा निर्णय इंग्रजी याद्यांवर सोपवू नये. आपण कोणते खेळ, कोणत्या नावांनी, कोणाबरोबर खेळलो याची नोंद मराठीतच होऊ शकते, आणि ती करू शकणारी पिढी आज चाळिशी-पन्नाशीत आहे. लोकसाहित्याच्या क्षेत्रकार्यासाठी विद्यार्थी गावोगावी जातात, तेव्हा एखाद्याने या अडगळीचीही चौकशी करावी. कॅसेटींवरची नावे उतरवून घ्यावीत, खेळांची बोलीतली नावे गोळा करावीत.

माझ्या कपाटातली यंत्रसामग्री मी विभागात आणून ठेवणार आहे. टीव्ही मात्र हवा आहे, पिक्चर ट्यूबचा. कोणाच्या माळ्यावर असल्यास कळवावे. या लेखातल्या मतांशी, विशेषतः 'बॅटल सिटी'ला 'मारिओ'च्या पंक्तीला बसवण्याशी, अनेकांचा मतभेद असेल. तो जरूर मांडावा. फक्त आधी एक डाव खेळून मग.