गोलकीपरची कैफियत

फुटबॉलच्या सामन्यात एका बाजूने अकरा गडी खेळतात. परंतु सामना हरल्यावर दोष मात्र बहुधा एकाच्याच पदरी पडतो. पुढच्या फळीतील गड्याने चार वेळा चेंडू खांबाबाहेर मारला, तरी ‘आज त्याचा पाय लागला नाही’ एवढे बोलून लोक त्याला सोडून देतात. गोलकीपरच्या हातून चेंडू एकदा निसटला, की त्याचे नाव आठवडाभर वर्गात निघत राहते. हा न्याय नव्हे, आणि यापासून खेळाचेही नुकसान होते, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्याची कारणे विद्यार्थी व पालक या दोघांपुढेही मांडावी, म्हणून हा लेख.

प्रथम गोलकीपर निवडला कसा जातो ते पाहावे. मुलांनी आपसांत दोन बाजू पाडल्या, म्हणजे जो धावण्यात मागे, जो अंगाने जड, जो वयाने सर्वांत लहान, किंवा ज्याला आपल्या बाजूस घेण्यास कोणी उत्सुक नसतो, त्याला ‘तू गोलवर जा’ असे सांगण्यात येते. म्हणजे ज्या जागी सर्वांत अधिक धैर्य व तयारी पाहिजे, त्या जागी आपण सर्वांत कमी तयारीचा मुलगा शिक्षा म्हणून उभा करतो. आणि तो चुकला म्हणजे त्याच्यावर रागावतो. न शिकविलेल्या धड्याची परीक्षा घेऊन वर छडी मारावी, तशातलाच हा प्रकार होय.

या जागेचे काम किती अवघड आहे हे आकड्यांनी लवकर ध्यानात येईल. पुऱ्या मापाचा गोल ७.३२ मीटर रुंद व २.४४ मीटर उंच असतो. म्हणजे सुमारे १८ चौरस मीटर जागा एका माणसाने राखावयाची. पेनल्टीची खूण गोलरेषेपासून ११ मीटरांवर असते. तेथून ताशी ९० किलोमीटर वेगाने मारलेला चेंडू अर्ध्या सेकंदाच्या आतच रेषेवर पोहोचतो. तेवढ्यात पाहावयाचे, ठरवावयाचे आणि झेप घ्यावयाची! मोठ्यांची ही गत, तर बारा वर्षांच्या मुलाची काय कथा? म्हणूनच इंग्लंडात दहा वर्षांखालील मुलांसाठी १२ फूट रुंद व ६ फूट उंच, आणि बारा वर्षांखालील मुलांसाठी १६ फूट रुंद व ७ फूट उंच असे लहान गोल नेमून दिलेले आहेत. आपल्याकडे पाचवी-सहावीच्या मुलांस सरसकट मोठ्यांच्या गोलात उभे करतात, आणि डोक्यावरून चेंडू गेला म्हणजे ‘उडी का मारली नाहीस?’ असे विचारतात. दोन बांबू आत घेऊन रोवले आणि वर एक दोरी बांधली, की लहानांचा गोल तयार होतो. यास पैसा लागत नाही. विचार मात्र लागतो.

गोल होतो तेव्हा चेंडू गोलकीपरपाशी आकाशातून पडत नाही. पुढच्या फळीने तो गमावलेला असतो, मधल्या फळीने अडविलेला नसतो, बचावाच्या गड्यांस चुकवून तो पुढे आलेला असतो. आपल्या तळ्याच्या मुलांस हे समजावयास दूर जाण्याचे कारण नाही. १६६५ च्या पुरंदरच्या तहानंतर शिवछत्रपतींनी जे बारा किल्ले आपल्याकडे राखले, त्यांत आपल्या तळगडाची गणना होते. गड राखावयाचा म्हणजे पायथ्याची चौकी, वाटेवरचा पहारा, तटबंदी, बुरूज व सर्वांत शेवटी दरवाजा, अशी सारी व्यवस्था लागते. शत्रू दरवाजात येऊन ठेपला, तर एकट्या दरवानाला बोल लावून चौकीवाल्यांची सुटका होईल काय?

एकट्यावर सारा दोष ठेवण्याचे फळ काय होते, याची दोन उदाहरणे जगाच्या इतिहासात शेजारीशेजारी ठेवण्याजोगी आहेत. १६ जुलै १९५० रोजी रिओ दि जानेरो येथे विश्वचषकाच्या निर्णायक सामन्यात ब्राझीलला केवळ बरोबरी पुरेशी होती. परंतु उरुग्वेने तो सामना २–१ असा जिंकला. दुसरा गोल गोलकीपर बार्बोसा आणि जवळचा खांब यांमधून गेला. बार्बोसा हा त्या काळचा नामांकित गोलकीपर. पण त्या एका चेंडूचा डाग त्याच्या देशबांधवांनी पुढची पन्नास वर्षे, २००० साली त्याचा मृत्यू होईपर्यंत, पुसू दिला नाही. दुसरे उदाहरण रशियाच्या लेव याशिनचे. १९६२ च्या विश्वचषकात त्याचा संघ चिली देशाकडून हरला, तेव्हा त्याच्यावरही टीकेचा भडिमार झाला. परंतु त्याच्या हाती पुन्हा गोल सोपविण्यात आला, आणि १९६३ साली युरोपातील सर्वोत्तम खेळाडूचा ‘बॅलन दोर’ हा मान त्याला मिळाला. तो मान मिळविणारा दुसरा गोलकीपर आजवर झालेला नाही. चूक दोघांच्याही पदरी बांधली गेली. एकाला पुन्हा विश्वास मिळाला, दुसऱ्याला मिळाला नाही. आमच्या मते शाळेने यातून घ्यावयाचा बोध एवढाच, की चुकलेल्या मुलाला पुढच्याच सामन्यात पुन्हा उभे करावे.

लोकलज्जेचे भय गोलकीपरच्या बुद्धीवरही कसे काम करते, हे इस्राएलातील काही विद्वानांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात दाखविले आहे. त्यांनी २८६ पेनल्टींचा हिशेब मांडला. शंभरांपैकी सुमारे २९ चेंडू गोलाच्या मध्यभागी आले होते. पण गोलकीपर मात्र शंभरांत सहा वेळाच जागेवर उभे राहिले. बाकी प्रत्येक वेळी त्यांनी डावीकडे किंवा उजवीकडे झेप घेतली. याचे कारण त्या विद्वानांच्या मते असे, की झेप घेऊन गोल झाला तर ‘बिचाऱ्याने प्रयत्न तरी केला’ असे लोक म्हणतात. उभे राहून झाला तर ‘खांबासारखा उभा राहिला’ म्हणून हसतात. पोटावर ज्यांची भाकरी अवलंबून आहे अशा कसलेल्या खेळाडूंचीही जर ही अवस्था, तर वर्गमित्रांच्या हशाला भिणाऱ्या मुलाची बुद्धी स्थिर कशी राहावी? धीर हा शाब्दिक शाबासकीने येत नाही. तो शिकल्याने येतो, आणि शिकणे निर्भय असेल तरच पक्के होते.

मग शिकवावे काय? पहिली गोष्ट उभे राहण्याची. पाय खांद्याइतके फाकलेले, गुडघे किंचित वाकलेले, भार टाचांवर नव्हे तर चवड्यांवर, हात पुढे व मोकळे. दुसरी गोष्ट झेलण्याची. छातीच्या वरचा चेंडू घेताना दोन्ही अंगठे चेंडूच्या मागे एकमेकांजवळ असावेत. खालचा चेंडू घेताना करंगळ्या जवळ आणाव्यात, आणि अंग नेहमी चेंडूच्या मागे असावे, म्हणजे हात चुकला तरी छाती किंवा पाय त्याला अडवील. येथे आपल्या मुलांस एक मोठा लाभ आहे. कोकणातला मुलगा क्रिकेटचे झेल घेत वाढतो. कबड्डीत अंग टाकण्याची भीती त्याची गेलेली असते. मुंबईच्या मैदानांवर नाव कमावलेला व १९५६ आणि १९६० या दोन्ही ऑलिंपिकांच्या भारतीय पथकांत असलेला गोलकीपर एस. एस. नारायण हा बास्केटबॉलही खेळत असे. एका खेळाने कमावलेले हात दुसऱ्या खेळात वाया जात नाहीत.

तिसरी गोष्ट पडण्याची. आपल्या बाजूची जांभ्याची जमीन उन्हाळ्यात दगडासारखी होते, आणि तीवर एकदा कोपर सोलून निघाले की मूल पुन्हा अंग टाकावयास धजत नाही. यास उपाय घरचाच आहे. भाताची झोडणी झाल्यावर पेंढ्याची काय वाण? पेंढा हातभर जाड पसरून त्यावर प्रथम बसून, मग गुडघ्यांवरून, मग उकिडवे बसून, आणि शेवटी उभ्याने, अशा क्रमाने कुशीवर पडण्यास शिकवावे. कोपरावर किंवा पोटावर पडू देऊ नये. या पायऱ्या चढण्यास एक महिना लागला तरी चालेल. घाई केली तर हात दुखावेल, आणि त्याहून वाईट म्हणजे मन दुखावेल.

चौथी गोष्ट जागा धरण्याची. आणि येथे आपली भूमिती कामास येते. सुंभाची एक लांब दोरी घेऊन तिची दोन टोके गोलाच्या दोन खांबांस बांधावी, व मधला भाग चेंडूपाशी ओढून धरावा. एक त्रिकोण तयार होईल. त्या त्रिकोणात गोलरेषेवर उभे राहिलेल्या मुलाचे हात दोन्ही दोऱ्यांस पोहोचत नाहीत. पण चेंडूपाशी होणारा कोन दुभागणाऱ्या रेषेवरून तो चार पावले पुढे आला, की दोन्ही दोऱ्या हाताच्या टप्प्यात येतात. फार पुढे आला तर चेंडू डोक्यावरून जाईल, हेही त्याला तेथेच दाखवावे. एवढा पाठ ज्याच्या डोळ्यांनी पाहिला, त्याला ‘पुढे ये, पुढे ये’ असे ओरडून सांगावे लागत नाही.

पाचवी गोष्ट आवाजाची. सारे मैदान समोर दिसणारा गडी एकच, तो म्हणजे गोलकीपर. ‘माझा!’, ‘मागे गडी आहे!’, ‘डावीकडे!’ असे मोठ्याने सांगणे हे त्याचे कामच होय. अबोल मुलास ही सवय सर्वांत जड जाते; परंतु मोठ्या गड्यांस हुकूम सोडण्याचा अधिकार एकदा मिळाला, म्हणजे तोच मुलगा वर्गातही मान वर करून उत्तर देऊ लागतो. शिवाय पायाचे कामही आता टळत नाही. १९९२ पासून आपल्या गड्याने पायाने मुद्दाम मागे दिलेला चेंडू गोलकीपरला हाती घेता येत नाही. आणि २०२५ च्या नियमांप्रमाणे त्याने चेंडू आठ सेकंदांहून अधिक हातांत धरून ठेवला, तर प्रतिपक्षाला कॉर्नर मिळतो. तेव्हा बाकीचे गडी पायाचा सराव करीत असता गोलकीपरला खांबापाशी एकटे बसवून ठेवू नये.

आता सरावाच्या रीतीविषयी थोडेसे. पुष्कळ ठिकाणी सराव म्हणजे दहा मुलांनी रांगेत उभे राहून सर्व ताकदीने चेंडू हाणावयाचे, आणि एकाने ते जाळीतून काढीत बसावयाचे. यात मारणाऱ्यांची करमणूक होते. गोलकीपर मात्र हरण्याचीच सवय करतो. आरंभ हातात येतील अशा चेंडूंनी करावा, मग हळूहळू अवघड करावे, आणि शेवट पुन्हा त्याने पकडलेल्या चेंडूने करावा. सामन्यात गोल झाल्यास काय करावे हेही आधीच ठरवून द्यावे: चेंडू उचलावयाचा, सोबत्यांस एक शब्द सांगावयाचा, आणि आपल्या जागी उभे राहावयाचे. चुकीचा विचार दुसऱ्या दिवशी, शिक्षकांसमवेत, शांतपणे. आमची आणखी एक सूचना आहे. सामन्याच्या टिपणात झालेल्या गोलांबरोबर अडविलेल्या चेंडूंचाही आकडा एखाद्या विद्यार्थ्याने लिहून ठेवावा. २०१७ साली आपल्या देशात झालेल्या सतरा वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकात भारताने तिन्ही सामने गमावले व नऊ गोल घेतले. कोल्हापूरचा अनिकेत जाधव त्याच संघात होता. तरीही मणिपूरचा गोलकीपर धीरज सिंग याचे सर्वत्र कौतुक झाले, कारण पाहणाऱ्यांनी त्याने अडविलेले चेंडूही मोजले होते.

जपण्याच्या दोन गोष्टी मात्र कधीही विसरू नयेत. हलविता येणारे लोखंडी गोल जमिनीत पक्के रोवलेले असावेत, व त्यांच्या आडव्या दांडीला कोणीही लोंबकळू नये. ते अंगावर पडून मुलांचे प्राण गेलेले आहेत. आणि डोक्यास मार लागून मूल भांबावले, तर त्याचा शूरपणा न पाहता त्याला तत्काळ बाहेर घ्यावे व डॉक्टरांस दाखवावे.

कोणी पालक म्हणतील, ‘खेळासाठी एवढा उपद्व्याप कशाला? परीक्षेत याचे गुण थोडेच मिळणार!’ गुण मिळत नाहीत हे खरे. परंतु ज्याची चूक सर्वांच्या डोळ्यांपुढे होते, आणि जो दुसऱ्या क्षणी पुन्हा उभा राहतो, असा मुलगा परीक्षेच्या एका वाईट प्रश्नपत्रिकेने खचत नाही. आणि उलट, खेळात एकदा हिणवला गेलेला मुलगा मैदानावर येणेच सोडतो; त्याच्या घरी त्याचे कारणही कळत नाही. म्हणून पालकांस आमची विनंती अशी, की मुलगा किंवा मुलगी सामन्याहून घरी आली म्हणजे ‘किती गोल खाल्लेस?’ हा प्रश्न प्रथम विचारू नये. ‘किती अडविलेस?’ असे विचारावे. मुलींविषयी हे मुद्दाम लिहितो. कारण ‘पडलीस तर लागेल’ या एका वाक्याने कितीक चांगल्या गोलकीपर घरातच अडविल्या गेल्या असतील.

या जागेचा मान आपल्या देशाने ओळखलेला नाही असे नाही. १९६२ साली जाकार्ता येथे दक्षिण कोरियास २–१ असे हरवून भारताने आशियाई सुवर्णपदक जिंकले, तेव्हा आपल्या गोलात पीटर थंगराज उभा होता. १९६७ साली त्यास अर्जुन पुरस्कार मिळाला. शेजारच्या गोमंतकाचे ब्रह्मानंद शंखवाळकर हे गोलकीपर असूनच भारताचे कर्णधार झाले, आणि २०२२ साली त्यांस पद्मश्री मिळाली. ही मंडळी गोलवर शिक्षा म्हणून गेली नव्हती.

विद्यार्थिमित्रहो, या वर्षी भाताची खाचरे मोकळी होऊन खेळ सुरू होतील, तेव्हा एवढे करा. गोलवर कोण जाणार हे दुबळा पाहून ठरवू नका. ज्याला इच्छा आहे त्याला विचारा, आणि कोणालाच नसेल तर पाळी लावा. गोल झाला तर सर्वांच्या आधी कर्णधाराने मागे धावत जाऊन गोलकीपरच्या पाठीवर हात ठेवावा. त्याला एक अक्षरही बोलण्याची गरज नाही. अकरांचा पराभव अकरांनी वाटून घेतला, म्हणजे तो उचलण्यास कोणाही एका मुलास जड होत नाही.