मंत्रिमंडळ मराठवाड्यात येतंय, आपण एक तारीख मागू या



येत्या शनिवारी, १६ सप्टेंबर २०२३ ला, छत्रपती संभाजीनगरला राज्य मंत्रिमंडळाची बैठक आहे. दुसऱ्या दिवशी मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. निजामाच्या राजवटीतून सुटलो त्याला ७५ वर्षं झाली. शाळेत झेंडावंदनाची तयारी चालू आहे, भाषणं पाठ करून घेणं चालू आहे. दुसरीकडे ऑगस्ट पूर्ण कोरडा गेलाय आणि डोंगरपट्ट्यातलं सोयाबीन माना टाकून उभं आहे.

अशी बैठक आपल्याकडे रोज होत नाही. याआधीची ४ ऑक्टोबर २०१६ ला झाली होती. त्याच वर्षी उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं होतं, ते तुम्हाला आठवत असेल. तेव्हा ४९ हजार कोटींच्या वरचे आकडे जाहीर झाले. नंतर सात वर्षं गेली. नागपूरला दरवर्षी अधिवेशन भरतं, कारण १९५३ च्या नागपूर करारात तसं लिहून घेतलेलं आहे. मराठवाड्याच्या बैठकीचं तसं कुठे लिहिलेलं नाही. होईल तेव्हा होईल. मराठवाडा विकास मंडळ होतं, त्याची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली. गेल्या सप्टेंबरमध्ये ते पुन्हा सुरू करायचं मंत्रिमंडळाने ठरवलं, पण ते काही अजून सुरू झालेलं नाही.

आता पेपरात रोज येतंय की बैठकीत सिंचन, रस्ते, पाणी असे विषय असतील. असू देत, सगळे गरजेचेच आहेत. पण मी प्राथमिक शिक्षक आहे, डी.एड. झालेला. कोटींचे हिशोब मला जमत नाहीत. मला जमतं ते हजेरीपत्रक. त्यावरून एक गोष्ट सांगतो.

बीड जिल्ह्यातली सप्टेंबरची हजेरी आणि डिसेंबरची हजेरी शेजारी ठेवून बघा. दसरा झाला की मुकादम गावात येतो. उचल तर आधीच घेतलेली असते, काही ठिकाणी आखाडातच. नवरा-बायको मिळून एक कोयता. घरात म्हातारं माणूस असेल तर पोरं मागे राहतात, नसेल तर तीही ट्रकमध्ये. सांगली, कोल्हापूर, बारामती, खाली बेळगावपर्यंत. तिथे कोपीत राहायचं, पहाटे फडात जायचं. थेट मार्च-एप्रिलला परत.

माझ्या वर्गातली एक मुलगी तिसरीत धडा न अडखळता वाचायची. चौथीत गेली आणि आई-बापासोबत कारखान्याला गेली, लहान भावाला सांभाळायला. एप्रिलमध्ये आली तेव्हा जोडाक्षरापाशी थांबत होती. तिला काही येत नव्हतं असं नाही हो, सहा महिने तिच्या हातात पुस्तकच नव्हतं. पुढच्या दोन वर्षांत तिचं काय होतं हे मी इथे लिहायला नको, आपल्या तालुक्यात लग्नाचं वय काय चालतं ते तुम्हालाही ठाऊक आहे.

यावर उपाय नाही असं नाही. हंगामी वसतिगृह आहे. पोरगं आजीजवळ गावातच राहतं आणि सकाळ-संध्याकाळचं जेवण त्याला शाळेत मिळतं. योजना चांगलीच आहे, मी स्वतः चालवली आहे. अडचण फक्त वेळेची. गेल्या वर्षी आम्ही सप्टेंबरमध्ये यादी करून प्रस्ताव दिला. मंजुरीचं पत्र हातात पडलं तोवर यादीतली निम्मी पोरं ट्रकमध्ये बसून गेली होती. आजी म्हणाली, "गुरुजी, म्या कुठवर सांभाळू? दोन येळचं कोण घालणार?" तिला मी काय सांगणार होतो? पत्र येणार आहे म्हणून?

आता गंमत बघा. ऊस गाळप कधी सुरू करायचं हे ठरवायला मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली मंत्री समिती बसते. गेल्या वर्षी ती सप्टेंबरमध्येच बसली आणि १५ ऑक्टोबर ही तारीख ठरली. म्हणजे कोयता गावातून कधी निघणार, हे सरकारला सगळ्यांत आधी माहीत असतं. मग त्याच बैठकीत, त्याच कागदावर, वसतिगृह सुरू करायची तारीख का लिहिता येत नाही? गाळपाच्या पंधरा दिवस आधीची. धुराड्याची तारीख मंत्री ठरवतात आणि पोराच्या भाकरीची तारीख टपालावर सोडलेली.

ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावाने शासकीय वसतिगृहंही मंजूर झाली आहेत, ४१ तालुक्यांत ८२. ती तालुक्याच्या ठिकाणी. मोठ्या पोरांना ती उपयोगी पडतील. पहिली-दुसरीचं लेकरू मात्र आजीजवळच झोपणार. त्याला गावातली सोयच लागते.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. शनिवारी जो तो निवेदन घेऊन जाणार आहे. तुमच्या गावचे सरपंच, शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष जात असतील तर त्यांच्या निवेदनात ही एक ओळ टाकायला सांगा. यात मोठी रक्कम मागितलेली नाही, त्यामुळे पेपरात छापून येणार नाही, पण नाही म्हणायलाही कुणाला जड जाईल.

आणि शिक्षक बंधू-भगिनींनो, मंजुरीची वाट न बघता याद्या आत्ताच करा. मुकादमाच्या आधी त्या घरी जा. आजी-आजोबांशी बोला, उचल कुणाकडून आणि कुठल्या कारखान्याची घेतली ते विचारा. जी पोरं जाणारच आहेत त्यांच्या हातात शिक्षण हमी पत्रक द्या, म्हणजे तिकडच्या शाळेत बसता येईल. पालकहो, तुम्ही ते मागून घ्या, लाजू नका.

आमच्या गावची यादी काल रात्री पूर्ण झाली. सोमवारी देतोय.