शरदातील बाग आणि घरात बसलेले पाय



आश्विन लागला की पावसाने धुतलेल्या आकाशाकडे पाहून मन प्रसन्न होते आणि दुपारच्या उन्हाने जीव हैराण होतो. हवेत गारवा येण्यास अद्याप अवकाश असतो. मात्र बागांना याच दिवसांत जाग येते. पावसाळ्यात चिखलाने बंद झालेल्या पायवाटा मोकळ्या होतात, रोपवाटिकांत हंगामी फुलांचे बी पेरले जाते, वृक्षपरिचयाच्या फेऱ्या निघतात आणि कुंडीतील बाग, पालापाचोळ्याचे खत, पानांची ओळख अशा विषयांवर कार्यशाळा भरू लागतात. अशा एखाद्या कार्यक्रमाची सूचना वाचून आपण नातवंडांची नावे नोंदविता. घरातील आजी-आजोबांचे नाव नोंदवावे, हे मात्र क्वचितच कोणाला सुचते. आजच्या लेखाचा विषय तोच आहे, आणि त्याचा आरंभ मला माझ्याच एका चुकीने करावा लागणार आहे.

माझ्या रुग्णांत अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या एक निवृत्त शिक्षिका आहेत. आम्ही सारे त्यांना बाई म्हणतो. काही वर्षांपूर्वी भर पावसाळ्यात त्या न्हाणीघरात पाय घसरून पडल्या आणि उजव्या मनगटाचे हाड मोडले. प्लॅस्टर निघाल्यावर त्यांच्या चिरंजीवांनी मला विचारले, "डॉक्टर, आता काय काळजी घ्यायची?" मी घाईत होतो. "जपा त्यांना. एकटीने बाहेर जाऊ देऊ नका," असे सांगून मी पुढच्या रुग्णाला आत बोलाविले. घरच्यांनी माझा शब्द मनापासून पाळला. 'एकटीने नको' याचे 'बाहेरच नको' झाले. भाजी घरपोच येऊ लागली, देवळात जाणे थांबले, जिना तर बंदच झाला.

वर्षभराने त्यांच्या सूनबाई माझ्याकडे आल्या त्या झोपेची गोळी वाढवून मागण्यासाठी. "आईंना रात्री झोप नाही, दिवसभर मात्र डुलक्या. कशातच लक्ष नाही," त्या म्हणाल्या. मी घरी जाऊन पाहिले. बाई हातांचा आधार घेतल्यावाचून खुर्चीतून उठू शकत नव्हत्या. मी म्हणालो, "बाई, गॅलरीपर्यंत चालून दाखवता का?" त्या शांतपणे उत्तरल्या, "डॉक्टर, तुम्हीच तर नको म्हणाला होता."

मनगट सांधले होते. पाय मात्र मी आणि घरच्यांनी मिळून दुबळे केले होते.

हे कसे घडते ते समजून घेऊ. वापर थांबला की स्नायू झिजतात, आणि उतारवयात ही झीज फार वेगाने होते. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी ज्येष्ठांना केवळ दहा दिवस अंथरुणावर ठेवण्यात आले. तेवढ्यात त्यांच्या पायांतील सुमारे एक किलो स्नायू घटले. स्नायू घटले की तोल जातो, तोल गेला की भीती वाढते आणि भीतीने माणूस आणखी बसून राहतो. म्हणजे पडू नये म्हणून घरात बसविलेली व्यक्ती पुढे घरातच पडते. त्याखेरीज सकाळचा उजेड डोळ्यांवर न पडल्याने झोपेचे चक्र बिघडते, आणि बोलावयास कोणी नसल्याने मन कोमेजते. बाईंची झोप कशाने गेली होती, याचे उत्तर गोळीत नव्हते.

घरच्या घरी एक साधी चाचणी करता येते. हात असलेल्या खुर्चीत ज्येष्ठांना बसवावे. उठून, नेहमीच्या चालीने तीन मीटर, म्हणजे साधारण दहा फूट चालून, वळून, परत येऊन बसण्यास किती वेळ लागतो ते घड्याळात पाहावे. रोजची काठी वापरण्यास हरकत नाही. शेजारी कोणीतरी उभे मात्र राहावे. बारा सेकंद किंवा त्याहून अधिक वेळ लागल्यास पडण्याचा धोका वाढलेला आहे, असे समजून डॉक्टरांशी बोलावे. बाईंना सव्वीस सेकंद लागले.

आम्ही बागेपासून आरंभ केला नाही. आधी फिजिओथेरपिस्टकडून खुर्चीतून उठण्याबसण्याचे आणि टाचा उचलण्याचे व्यायाम सुरू केले. डोळ्यांची तपासणी करून चष्म्याचा नंबर बदलला. रक्तदाब बसून आणि उभे राहून असा दोन्ही प्रकारे मोजला. झोपेची गोळी वाढविली नाही; ती हळूहळू उतरवीत नेली, कारण अशा गोळ्या एकाएकी थांबविणे योग्य नसते. पुढे दसऱ्याच्या आधीच्या एका रविवारी सूनबाई त्यांना राणीच्या बागेत वृक्षपरिचयाच्या फेरीला घेऊन गेल्या.

भायखळ्याच्या या बागेचे आजचे नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. 1862 साली ती लोकांसाठी खुली झाली. आज बहुतेकांना ती प्राणिसंग्रहालय म्हणून ठाऊक आहे. परंतु मुळात ती वनस्पती उद्यान म्हणून वसविली गेली आणि तेथे हजारो वृक्ष उभे आहेत. गोरखचिंचेचे अजस्र खोड पाहण्यासाठी तरी एकदा तेथे जावे. शेजारच्या वस्तुसंग्रहालयाला नाव आहे ते डॉ. भाऊ दाजी लाड यांचे. वैद्यकाच्या व्यवसायात राहूनही इतिहास, वनस्पती आणि लोकसेवा यांत रमलेले ते गृहस्थ आम्हा डॉक्टरांना नेहमीच आदर्श वाटत आले आहेत.

त्या दिवशी मार्गदर्शकांनी आपटा आणि कांचन यांची पाने सर्वांच्या हाती दिली. दसऱ्याला आपट्याचे म्हणून कांचनाचे पान सर्रास विकले जाते. आपट्याचे पान लहान, जाडसर, खरखरीत आणि लांबीपेक्षा रुंदीला अधिक. कांचनाचे पान मोठे आणि पातळ. एका मुलाने उलट उत्तर दिले तेव्हा बाई बाकावरूनच म्हणाल्या, "डोळे मिटून बोटांनी पाहा बरे." त्या मुलाला बोटांनी फरक कळला. वीस मिनिटांत बाई थकल्या, उरलेली फेरी त्यांनी बाकावर बसूनच ऐकली आणि रात्री गुडघे दुखले म्हणून सूनबाईंनी मला दूरध्वनीही केला. चमत्कार काही घडला नाही. दुसऱ्या दिवशी बाईंनी विचारले, "पुढची फेरी कधी आहे?" वर्षभरात त्यांनी पुढल्या कशाची चौकशी केल्याचे घरच्यांना आठवत नव्हते.

बाग हे औषध नव्हे. परंतु उजेड, चालणे, माणसे आणि हातांना काम या चारही गोष्टी तेथे एकत्र मिळतात. परदेशांतील काही उद्यानांनी हे ओळखले आहे. शिकागोच्या वनस्पती उद्यानात चाकाच्या खुर्चीत बसूनही हात पोहोचेल अशा उंचीवर बांधलेले वाफे आहेत. सिंगापूरने 2016 पासून ज्येष्ठांचा विचार करून उपचार-उद्याने उभारली आहेत. मुलांकडे परदेशी गेलेल्या आई-वडिलांनी तेथील शरद ऋतूत अशा बागांची चौकशी अवश्य करावी. आपल्याकडे गच्चीतील टेबलावर मांडलेल्या चार कुंड्याही तेच काम करतात.

आता तयारीविषयी. यातील प्रत्येक गोष्ट मी दवाखान्यात घडलेली पाहिली आहे, म्हणून कृपया लक्षपूर्वक वाचावे.

वेळ: या महिन्यात मुंबईचा पारा 34-35 अंशांवर सहज जातो आणि दमटपणा ओसरलेला नसतो. सकाळी दहाच्या आत परत फिरता येईल असाच कार्यक्रम निवडावा. निघण्यापूर्वी बाग कोणत्या वारी बंद असते ते पाहावे. राणीची बाग बुधवारी बंद असते. बाके, स्वच्छतागृह आणि सपाट वाट कोठे आहे याची आधी चौकशी करावी.

पाणी आणि लघवीची गोळी: बाहेर लघवीची अडचण नको म्हणून अनेक ज्येष्ठ पाणी पीत नाहीत आणि लघवी वाढविणारी गोळीही परस्पर वगळतात. दोन्ही गोष्टी धोक्याच्या आहेत. त्या दिवसापुरती गोळीची वेळ बदलता येईल का, हे आपल्या डॉक्टरांना विचारावे. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाणी मोजून पिण्यास सांगितले असल्यास तीच मर्यादा पाळावी.

मधुमेह: गोळी किंवा इन्सुलिन घेऊन उपाशीपोटी फिरू नये. खिशात साखर किंवा ग्लुकोज असावे. घाम, थरथर, गोंधळल्यासारखे वाटणे ही लक्षणे दिसताच ते तोंडात घालावे. पायात चपला नकोत, बंद बूट हवेत. आणि घरी परतल्यावर तळपाय स्वतः किंवा दुसऱ्याकडून तपासून घ्यावेत, कारण बधिर पायाला रुतलेला काटा कळत नाही.

उठणे-बसणे: रोपे लावताना उकिडवे बसू नये, स्टुलावर बसावे. रक्तदाबाच्या किंवा प्रोस्टेटच्या काही गोळ्यांमुळे एकदम उठल्यास भोवळ येते. आधी पाय हलवावेत, मग आधार धरून सावकाश उभे राहावे.

माती: हातमोजे घालावेत. प्रौढांनाही धनुर्वाताची लस दर दहा वर्षांनी घ्यावी लागते; आपण शेवटची कधी घेतली ते आठवून पाहा. मातीत काम करताना खोल जखम झाली आणि लस घेऊन पाच वर्षांहून अधिक काळ लोटला असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

श्वास: कुजलेला पालापाचोळा ढवळला की बुरशीचे सूक्ष्म कण उडतात. दम्याच्या रुग्णांनी आणि स्टेरॉइड किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे घेणाऱ्यांनी खताच्या प्रात्यक्षिकात हात घालू नये. दूर बसून पाहावे. दम्याचा पंप खिशात असावा, घरच्या कपाटात नव्हे. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, म्हणून पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत.

एक गोष्ट विशेष आग्रहाने सांगतो. औषधी वनस्पतींच्या कार्यशाळेत पाने पाहावीत, हुंगावीत, त्यांची नावे शिकावीत. घरी आणून त्यांचा रस काढू नये. 2021 साली मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला सूज आलेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी वेल चुकून घेतली गेली असण्याची शक्यता आयुष मंत्रालयाने त्या वेळी मांडली. वादाचा निकाल काहीही लागो. दोन वेली ओळखण्यात जाणत्यांचीही गफलत होऊ शकते, एवढा बोध आपणांस पुरे आहे. कण्हेर आणि पिवळी कण्हेर तर सर्वांगाने विषारी असून हृदयाची लय बिघडवितात. स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीच्या हाती बी किंवा फळ देताना म्हणूनच विशेष दक्षता घ्यावी.

स्मृतिभ्रंशाचा विषय निघालाच आहे, तर शुश्रूषा करणाऱ्यांसाठी चार शब्द. अशा व्यक्तीला बागेत "हे कोणते फूल, सांगा पाहू?" असे विचारू नये. ती परीक्षा होते, आणि अनुत्तीर्ण होण्याचे दुःख त्यांना कळते. पारिजातकाची चार फुले ओंजळीत द्यावीत आणि गप्प राहावे. आठवण आली तर त्या सांगतील. नाही आली तरी सुगंध त्यांचाच. गर्दीचा दिवस टाळावा, आणि नाव व दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी त्यांच्या खिशात ठेवावी.

आपण स्वतःलाही विसरू नये. ज्येष्ठांना सोबत करणारे दुसरे कोणी मिळाले, तर ते दोन तास आपण बाकावर एकटे बसावे. शुश्रूषा करणाऱ्याची पाठ, झोप आणि रक्तदाब हीसुद्धा त्या घराची प्रकृतीच आहे. त्या पहिल्या भेटीत सूनबाईंचा रक्तदाब मी मोजलाच नव्हता. पुढे मोजला, तेव्हा तो वाढलेला निघाला. ही माझी दुसरी चूक.

शेवटी, मनात धरण्यास एक तारीख हवी. हिवाळा सरता सरता, साधारणतः जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीच्या आरंभी, मुंबई महानगरपालिका राणीच्या बागेत फुलाफळांचे प्रदर्शन आणि उद्यानविद्येची कार्यशाळा भरविते. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमधील पुष्पप्रदर्शनही जानेवारीतले. त्या वेळी बहरलेली दिसणारी बरीच हंगामी फुले शरदातच पेरलेली असतात. दुबळ्या पायांत बळ येण्यासही नियमित व्यायामाचे दोन-तीन महिने लागतात. तेव्हा आज एका कुंडीत झेंडूचे बी टाकावे आणि ज्येष्ठांना खुर्चीतून पाच वेळा उठवून बसवावे. छातीत दुखणे, धाप लागणे, वारंवार भोवळ येणे असा काही त्रास असल्यास आधी तपासून घ्यावे.

बाईंना ती चाचणी आता सोळा सेकंदांत करता येते. बारा अजून दूर आहे. काठी सुटलेली नाही आणि कदाचित सुटणारही नाही. परंतु गेल्या फुलांच्या प्रदर्शनात त्यांनी स्वतः निवडून शेवंतीचे एक रोप आणले आणि मला दवाखान्यात आणून दिले. "जपा त्याला," त्या म्हणाल्या, "पण घरात कोंडून ठेवू नका."

आपला,
डॉक्टर