स्पर्श यंत्राकडे सोपवण्याआधी

जपानमधल्या अनेक वृद्धाश्रमांत 'पारो' नावाचे सीलचे एक पिल्लू असते. पांढरेशुभ्र, केसाळ, वजन २.७ किलो. कुरवाळले की डोळे मिचकावते, हाक मारली की मान वळवते. ते यंत्र आहे. ताकानोरी शिबाता या अभियंत्याने ते घडवले, २००५ पासून ते जपानमध्ये विकले जाते. मांजर सोडून सील का? खरे मांजर सगळ्यांनी हाताळलेले असते, त्यामुळे खोटे लगेच कळते. सीलशी कुणाचीच ओळख नसते!

उपयोग होतो का? थोडा होतो. ऑस्ट्रेलियात स्मृतिभ्रंश झालेल्या ४१५ वृद्धांवर झालेला अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. काहींना पारो दिले, काहींना तेच पिल्लू पण यंत्रणा बंद करून, आणि उरलेल्यांना नेहमीचीच शुश्रूषा. चालू पारोशी वृद्ध जास्त बोलले, त्याच्याकडे जास्त पाहत राहिले. चित्रफितींत नेहमीच्या शुश्रूषेपेक्षा त्यांची अस्वस्थताही कमी दिसली. मात्र तीच अस्वस्थता ठरावीक प्रश्नावलीने मोजली तेव्हा तिन्ही गटांत फरक सापडला नाही. जेम्स राइट या संशोधकाने जपानमधल्या एका केंद्रात प्रत्यक्ष पाहणी केली. त्यांचा निष्कर्ष असा की यंत्रांनी कर्मचाऱ्यांचे काम कमी केले नाही. यंत्र आणायचे, पुसायचे, त्यावर लक्ष ठेवायचे, हे वरचे काम त्यांच्याच अंगावर पडले.

म्हणून यंत्र नको, असे मी म्हणत नाही. तो आपला वारसाच नाही. गांधींच्या यंत्रविरोधाचा समाचार बाबासाहेबांनी १९४५ च्या ग्रंथात घेतला आहे. यंत्राशिवाय कष्टकऱ्याला फुरसत नाही आणि फुरसतीशिवाय संस्कृती नाही, अशी त्यांची मांडणी होती. दोष यंत्राचा नसून खासगी नफ्याला पवित्र मानणाऱ्या समाजरचनेचा, हेही त्यांनी तिथेच सांगितले.

मग प्रश्न उरतो, फुरसत कुणाची?

पुण्या-मुंबईत अंथरुणाला खिळलेल्या आजोबांचे डायपर कोण बदलते? ब्युरोकडून आलेली मावशी. बारा बारा तासांची पाळी. आजोबांना उचलून उचलून तिचीच कंबर गेलेली. कितीतरी घरांत कामावर ठेवण्याआधी तिचे आडनाव विचारतात, आणि तिचा चहाचा कप वेगळा असतो. तिने अंग पुसलेले चालते, तिने ओट्याला हात लावलेला चालत नाही. उद्या याच घरात बोलणारे यंत्र आले तर त्याला कुणी आडनाव विचारणार नाही. ते देवघरापर्यंत जाईल. याला कुणी प्रगती म्हणेल, पण इथे अस्पृश्यता संपलेली नाही, तिला फक्त नवी पळवाट मिळाली आहे.

आपली पोरेही याच्या जवळ गेली आहेत. वसतिगृहात रात्री दोन वाजता चॅटबॉटशी बोलणारा विद्यार्थी सांगतो, "ते जात विचारत नाही." खरे आहे, आणि त्या रात्री तेवढा आधारही कमी नाही. पण शिष्यवृत्ती अडवणारा कारकून आणि वर्गात टोमणे मारणारा प्राध्यापक यांच्यावर चॅटबॉटचा इलाज काय? दीर्घ श्वास घ्या! दुखणे बाहेरचे आणि औषध मात्र पोराच्या छातीला. ॲप सुरू केले म्हणून समुपदेशकाची जागा रिकामी ठेवणाऱ्या संस्थेला जाब विचारलाच पाहिजे, आणि त्या जागेवर जात म्हणजे काय हे समजणारा माणूस मागितला पाहिजे.

यंत्र मागायचे तर आधी मावशीची कंबर वाचवणारे मागू. रुग्ण उचलण्याचे साधन ब्युरोने आणि घरमालकाने द्यावे. सरकारी दवाखान्यात श्रवणयंत्र वेळेवर मिळावे, अंध विद्यार्थ्याला मराठी नीट वाचणारे सॉफ्टवेअर मिळावे. दिव्यांगांच्या २०१६ च्या कायद्याने हे हक्क म्हणून मागता येते. आणि महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ पासून आहे. आपल्या वस्तीतल्या किती मावश्यांची तिथे नोंदणी झाली आहे, हे येत्या रविवारी घरोघर जाऊन विचारू. कागद भरायला पोरे आपलीच लागतील.